तळाचा थर

एका माणसाच्या अंगात चरबी किती हे पाच यंत्रांना विचारलं, तर पाच वेगवेगळी उत्तरं मिळतात. ती उत्तरं शेजारीशेजारी मांडायची आणि कोण किती थापा मारतंय ते शोधायचं, ही माझी नोकरी. पुण्यातल्या आमच्या संस्थेत दारावर ‘शरीरघटक मापन विभाग’ अशी भारदस्त पाटी आहे. खालच्या कँटीनमध्ये मात्र आम्हाला सरळ ‘चरबीवाले’ म्हणतात आणि आमच्या टेबलावर वडे पाठवताना उगाच हसतात.

यंत्रांत सगळ्यांत जुना आणि स्वस्त तो चिमटा. दंड, पाठ, पोट, मांडी इथली कातडी चिमट्यात धरायची, तिची जाडी मोजायची आणि सूत्रात घालायची. सूत्र परदेशातल्या तरण्याताठ्या माणसांवरून बांधलेलं, त्यामुळे आपल्याकडे ते हमखास गंडतं. आमच्या विभागातले थत्ते घ्या. काडीपैलवान माणूस, चिमट्याला धरायला कातडीशिवाय काही सापडत नाही. चिमटा त्यांना अठरा टक्के देतो. क्ष-किरणांच्या खाटेवर झोपवलं की तेच थत्ते एकतीस टक्के निघतात, कारण त्यांची सगळी चरबी आत, आतड्यांभोवती आणि यकृतावर दडून बसलेली आहे. हातपाय सडपातळ आणि आत कोठार भरलेलं, अशी आपल्याकडची पुष्कळ माणसं असतात, आणि चिमटा त्या सगळ्यांना खूश करून घरी पाठवतो.

दुसरा विजेचा काटा. अनवाणी उभं राहिलं की तळपायातून अगदी बारीक वीज जाते. पाण्यातून ती सुरळीत वाहते, चरबीत अडखळते. किती अडखळली त्यावरून आकडा येतो. तुम्ही पाणी किती प्यालात, जेवून आलात की न जेवता, यावर तो बेटा मत बदलतो. म्हणून आम्ही लोकांना उपाशीपोटी यायला सांगतो. मंगळवारी, चतुर्थीला निम्म्या बायका ‘माझा आज उपासच आहे’ असं छातीठोकपणे सांगतात आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन काट्यावर चढतात. तिसरा पाण्याचा हौद. छातीतली सगळी हवा बाहेर सोडून माणसानं बुडी मारायची आणि पाण्याखाली वजन करायचं. चरबी तरंगते, हाड-मांस बुडतं, त्यावरून हिशेब. माप चांगलं, पण परक्या लोकांसमोर ओलेत्यानं हौदात उतरायला आपल्याकडे कोणी राजी होत नाही. चौथी ती क्ष-किरणांची खाट. दोन तऱ्हांचे किरण अंगातून पाठवून ती हाड, मांस आणि चरबी वेगवेगळी दाखवते. वादावादी झाली की आम्ही तिचा शब्द मानतो.

पाचवं यंत्र नवं आलं, आणि मला जे सांगायचंय ते त्याच्यापासून सुरू होतं. त्याचं नाव थरवाचक. बाकीची चार यंत्रं चरबी किती ते सांगतात. थरवाचक ती कधीची ते सांगतो.

त्यात एक भलंमोठं चुंबक आहे, त्याच्या पोटात माणसाला झोपवतात. चुंबकाच्या कह्यात अंगातले अणू एका शिस्तीत उभे राहतात आणि रेडिओलहरींनी छेडलं की आपापल्या सुरात उत्तर देतात. करडईच्या तेलाचा सूर निराळा, जवसाचा निराळा, पामतेलाचा निराळा. खाल्लेल्या तेलाची घडण शरीर फारशी मोडत नाही. आलं तसं बरंचसं साठवून टाकतं. दुसरी खूण कार्बनची. हवेतल्या कार्बनात थोडा कार्बन किंचित जड असतो. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही मंडळी तो त्यातल्या त्यात जास्त उचलतात. गहू आणि तांदूळ नाक मुरडतात. ज्वारीचा कडबा खाणाऱ्या म्हशीच्या तुपात तो जड कार्बन उतरतो आणि ते तूप खाणाऱ्याच्या अंगातही. दोन्ही खुणा जुळवल्या की चरबीच्या एखाद्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणता येतं, की ही अमक्या काळातली, तमक्या स्वयंपाकघरातली.

आमच्या मंगळवेढ्याकडे पूर्वी ज्वारी जमिनीतल्या पेवात साठवायचे. वरून ओतायची, वरूनच काढायची. तळाची ज्वारी वर्षानुवर्षं तशीच राहायची. बसून राहणाऱ्या माणसाच्या मांड्यांत तेच होतं, असं थरवाचकानं दाखवून दिलं. बरीचशी चरबी सरमिसळ झालेली असते, तिच्यातून काही कळत नाही. पण मांडीच्या आणि कंबरेच्या मागच्या बाजूला, कोणी हात न लावलेला असा एखादा पट्टा तळाशी पडून असतो. जुनी चरबी जास्त घातक की नवी, एवढंच शोधायला ते यंत्र आणलं होतं. लोकांनी त्याचं भलतंच केलं. एक गृहस्थ आपल्या अंगातला खानावळीच्या दिवसांचा थर बघून हरखले आणि मित्रांना घेऊन पुन्हा आले. एका बाईंना नवऱ्याच्या मांडीत सासूबाईंचा थर स्वच्छ दिसला, स्वतःच्या हातचा मात्र नीट लागेना, तर त्या घरी जाईपर्यंत नवऱ्याशी बोलल्या नाहीत. मी या सगळ्यांना हसत होते. अप्पा पुण्याला येईपर्यंत मला हसायला येत होतं.

अप्पा म्हणजे माझे वडील, राजशेखर बिराजदार. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. सगळी नोकरी त्यांनी कालव्याच्या कडेनं चालत काढली; सकाळी भाकरी बांधून निघायचे ते दिवेलागणीला परतायचे. निवृत्त झाले तेव्हा अंगावर मूठभर मांस नव्हतं. मग आईनं त्यांना ताब्यात घेतलं. नवरा उभ्या जन्मात दुपारचा घरी जेवला नव्हता, त्याचं सगळं उट्टं तिनं काढलं. गरम भाकरी, जवसाची चटणी, तिच्यावर करडईच्या घाण्याचं कच्चं तेल, घरच्या म्हशीचं तूप, सणाला शेंगाची पोळी. समोर बसून वाढायची. फोन केला की सांगायची, तुझे अप्पा बाळसं धरायलेत. दोन वर्षं हे असं चाललं, आणि एका उन्हाळ्यात ती तापाचं निमित्त होऊन गेली. आमच्यात दफन करतात. ती आमच्याच शेतात, बांधाजवळच्या लिंबाखाली आहे.

ती दोन वर्षं मी दिवाळीपुरती घरी होते. शाळा संपल्यापासून हॉस्टेल, मग परदेश, मग पुणे. आता घरात तिच्या साड्या आहेत, फोनमध्ये तिचा आवाज आहे, पण माझं अडतं ते जेवायला बसल्यावर. तीच ज्वारी, तेच तेल आणते, तिच्यासारखं काही होत नाही. सहा वर्षं झाली तरी मला ती जेवणाच्या वेळेला हवी असते.

तिच्यानंतर अप्पांनी म्हैस विकली आणि सोलापूरच्या एका यांत्रिक स्वयंपाकघराचा डबा लावला. दोन्ही वेळा उडता डबा दारात उतरायचा. गव्हाच्या पोळ्या, पामतेलातली भाजी, वर एक गोड. अप्पा खुर्चीत बसून तो संपवायचे, आणि संपवल्यावर आमच्या घरच्या रीतीप्रमाणे ताटात पाणी घालून, बोटांनी ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकायचे. अन्न हा प्रसाद, त्यातला कण वाया घालवायचा नाही, ही आमच्यातली जुनी चाल. हॉस्टेलात पहिल्याच दिवशी मी ते केलं तेव्हा टेबलावरच्या मुली बघतच राहिल्या, त्यानंतर माझी ती सवय सुटली. अप्पांची सुटली नाही. यांत्रिक डब्यातलं मचूळ वरणसुद्धा ते धुऊन प्यायचे.

मग एकदा जिना चढताना त्यांना चक्कर आली. हृदयाची झडप अरुंद झाली होती. मी त्यांना पुण्याला माझ्याकडे आणलं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. तस्नीम इनामदार मोजकं बोलणाऱ्या बाई. त्यांनी सांगितलं, की झडप बदलायची, छाती न उघडता, बारीक यांत्रिक हातांनी. पण त्यात पेशंटला बराच वेळ एका कुशीवर ठेवावं लागतं, आणि अंगात चरबी फार असली की ती फुप्फुसांवर चढते. शुद्धीवर न आलेली माणसं त्यांनी पाहिली होती. म्हणून तीस टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय त्या हात लावत नाहीत, आणि चरबी वितळवणाऱ्या इंजेक्शनांना अप्पांचं हृदय झेपणारं नाही. हळूहळू चालायचं, दम लागला की थांबायचं, खाणं आवरायचं. झडप फार वाट पाहणार नव्हती, पण काही महिने होते.

“कुठल्या पद्धतीनं मोजायचं ते तुम्हीच ठरवा,” त्या मला म्हणाल्या. “तुम्ही त्यातल्याच आहात. मला एक आकडा द्या आणि त्याखाली सही करा.”

मी अप्पांना आमच्या विभागात नेलं. हौद त्यांना वर्ज्य होता. चिमटा म्हणाला एकतीस, काटा सकाळी चौतीस म्हणाला आणि दुपारी तेहतीस, खाटेनं छत्तीस सांगितले. छत्तीस खरे होते हे मला पाहताक्षणीच कळलं. मग सहज म्हणून, खरंच सहज म्हणून, मी त्यांना थरवाचकात झोपवलं.

पडद्यावर त्यांची मांडी आडवी कापल्यासारखी उमटली. वर जाड करडा थर होता, पामतेल आणि गहू, सहा वर्षांच्या डब्यांचा. त्याखाली एक पट्टा होता. यंत्रानं आधी करडई ओळखली, मग जवस. मग जड कार्बनचा आकडा आला आणि तो इतका वर होता, की ज्वारीवर आणि कडब्याच्या तुपावर वाढलेल्या माणसाखेरीज कोणाचा असूच शकत नव्हता. पट्ट्यांना रंग आम्ही आमच्या मनानं देतो. मी त्याला करडईच्या फुलाचा केशरी दिला आणि खुर्ची ओढून बसले.

अप्पांना आत बोलावून दाखवलं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं, की हे आईच्या हातचं आहे, ती दोन वर्षं आहेत ही. त्यांनी चष्मा पुसला आणि पडद्याजवळ जाऊन बराच वेळ पाहिलं. कुठं म्हणून विचारलं. मी माझ्या मांडीवर हात ठेवून जागा दाखवली, तसा त्यांनी धोतरावरून आपल्या मांडीवर हात ठेवला.

“किती असंल?”

“अडीच-तीन किलो.”

“तू जन्मलीस तेव्हा एवढीच होतीस,” अप्पा म्हणाले.

थत्ते बाहेर गेल्यावर मी स्वतः त्या यंत्रात झोपले. माझ्यात मेसचं सूर्यफूल होतं, परदेशातलं ऑलिव्ह होतं, पुण्याचं शेंगदाण्याचं तेल होतं. धावण्याच्या नादात मी अंगावर काही टिकू दिलं नव्हतं. केशरी कुठंच नव्हतं. मला त्या क्षणी अप्पांचा हेवा वाटला, आणि तो नुसता आला आणि गेला असा नव्हता. तो माझ्याबरोबर घरी आला.

माझ्या घराच्या मागून कालवा जातो. अप्पांना तेवढं पुरे होतं. मनगटाला नाडी पाहणारी पट्टी बांधून ते सकाळ-संध्याकाळ कालव्याकडेनं चालू लागले, आणि पाणी कुठं झिरपतंय, अस्तर कुठं फुगलंय, कचरा कोण टाकतंय यावर खात्याच्या भाषेत ताशेरे ओढू लागले. विनाचालक रिक्षा जवळून गेली की तिच्या रिकाम्या पुढच्या सीटकडे बघून मान हलवायचे. मी त्यांच्या ताटात मोजून वाढत होते. ते कुरकुर न करता खायचे, ताट धुऊन प्यायचे आणि उठायचे. वजन उतरत होतं. मी दर पंधरवड्याला त्यांना खाटेवर आणि थरवाचकात झोपवत होते. छत्तीसाचे चौतीस झाले, मग तेहतीस. वजन उतरताना आधी पोटातली आणि वरवरची ताजी चरबी जाते. मांडीतली हट्टी असते, ती मागाहून हलते. करडा थर पातळ होत चालला होता आणि त्याखालचा केशरी जसाच्या तसा होता. मी दोन्ही बघायचे आणि मला बरं वाटायचं.

बत्तीसला थरवाचकानं पुढचा अंदाज काढून दिला. वरचं संपत आलं होतं. इथून तीसच्या खाली जायचं, तर शरीर तळाला हात घालणार होतं. आणि जेवढं उतरायचं बाकी होतं, तेवढंच जवळजवळ ते केशरी होतं.

त्या दिवशी मी चिमटा बाहेर काढला. दंड, पाठ, पोट, मांडी. सूत्रात आकडे घातले. एकोणतीस आले. चिमटा मान्यताप्राप्त पद्धत आहे, डॉक्टरीणबाईंनी पद्धत माझ्यावर सोडली होती, मी एकही आकडा खोटा मोजला नव्हता. हे सगळं मी मनाशी वकिलासारखं मांडलं. चिमटा आपल्याकडच्या उतारवयाच्या माणसांत किती चुकतो यावर मीच दोन वर्षं काम करत होते, ते तेवढं बाजूला ठेवलं. डॉ. इनामदारांसाठी आकडा टंकून ठेवला, पण सही केली नाही. सही उद्या करू म्हटलं.

घरी येऊन अप्पांना सांगितलं, की झालं तुमचं, एकोणतीस. आता पथ्य पुरे. त्या संध्याकाळी मी त्यांच्या वरणावर तूप वाढलं.

अप्पांनी तुपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. जेवायला लागले. अर्ध्या जेवणावर त्यांनी विचारलं, की कुठल्या मापानं एकोणतीस. मी म्हटलं, मान्य असलेल्या मापानं.

“कुठल्या ते विचारायलोय मी.”

“चिमट्यानं.”

“थत्त्यांना अठरा म्हणतोय, तोच का?”

मी मान खाली घालून भात कालवत राहिले. त्यांनी खाटेचा आकडा विचारला. मी बत्तीस म्हणून सांगितलं. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं नीट आठवून मला ऐकवलं. कुशीवर ठेवणं, फुप्फुसं, शुद्धीवर न आलेली माणसं. आवाज चढवला नाही. नोकरीत कालव्याला पडलेली भगदाडं ते वरिष्ठांना अशाच सुरात सांगत असतील. आणि हे सगळं तुला ठाऊक असून तू असं का करायलीस, असं विचारलं.

“अप्पा, वरचं संपलंय,” मी म्हणाले. “आता पुढचं सगळं आईचं आहे.”

त्यांना ते आधीच कळलेलं असावं. त्यांनी नुसतं हं म्हटलं. मला मात्र थांबता येईना. मी म्हटलं, तिच्या हातचं या जगात एवढंच उरलंय. माझ्यात नाही, घरात नाही, कुठंच नाही. तुम्ही खोलीत असलात की ती थोडी खोलीत असते, आणि मी ते रोज सकाळ-संध्याकाळ तुम्हाला चालायला लावून संपवून टाकू? मला ते जमत नाही. तुमच्यासाठी करतेय असं मी स्वतःला सांगत होते, पण मला आई हवी आहे, अप्पा. बोलता बोलता मला रडू फुटलं.

 मग अप्पांनी शेवटचा घास घेतला, तांब्यातलं पाणी ताटात ओतलं, नेहमीसारखं बोटांनी ताट फिरवून धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. मोकळं ताट त्यांनी माझ्यासमोर सरकवलं.

“तुझी आई समोर बसून वाढायची. ताट धुऊन पिल्याशिवाय मला उठू द्यायची नाही,” ते म्हणाले. “हे तिनंच वाढलंय ना? मग तेवढं टाकून उठू म्हणतीस?”

मी ते ताट हातात घेतलं.

“मी ते तसंच घेऊन मेलो, तर माझ्याबरोबर मातीत जाईल. तिनं ते मातीसाठी केलं नव्हतं. मी हिंडावं-फिरावं म्हणून केलं होतं. खाऊन बसून राहिलो, ही माझी चूक. आता चालतो की.” त्यांनी थोडा दम घेतला. “तुला ती पाहिजे, हे मला कळतंय. मलाबी पाहिजे. पण अशी पेवात घालून कशी राहील ती?”

दुसऱ्या दिवशी मी चिमट्याचा आकडा पुसून टाकला. अप्पा चालायला निघाले तेव्हा मीही पायात चपला सरकवल्या.

शरीरातली चरबी कमी होते तेव्हा ती जाते कुठं, हा प्रश्न मी व्याख्यानात नेहमी विचारते. कोणी म्हणतं घामातून, कोणी म्हणतं उष्णतेत. खरं उत्तर ऐकून लोक अविश्वासानं हसतात. थोडं पाणी होतं, पण बहुतेक सगळी कार्बन डाय-ऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते. माणूस दहा किलो उतरला, तर आठाहून जास्त किलो त्यानं नाकातोंडानं हवेत सोडलेले असतात. आमच्याकडे श्वास तपासायच्या पिशव्या आहेत. माणसानं पिशवीत फुंकायचं आणि यंत्रानं त्यातला जड कार्बन मोजायचा. कुठली चरबी जळतेय ते त्यावरून कळतं.

मी रोज सकाळी काही खाण्याआधी अप्पांच्या श्वासाची पिशवी भरून न्यायला लागले. पहिल्या आठवड्यात काही दिसलं नाही. गहू आणि पामतेलच जळत होतं. मग एका सकाळी जड कार्बनचा काटा थोडा वर सरकला. दुसऱ्या दिवशी आणखी. ताटातली ज्वारी आणि साखर मी पिशव्या सुरू केल्यापासूनच मुद्दाम बंद ठेवली होती, त्यामुळे तो दुसरा कशाचा असणं शक्य नव्हतं. ती बाहेर यायला लागली होती. आमच्या म्हशीचा कडबा, घाण्यावरचं तेल, समोर बसून वाढलेल्या दुपारा, सगळं एकेका श्वासाबरोबर कालव्यावरच्या हवेत मिसळत होतं.

हे कळल्यापासून मी चालताना वारा कुठून आहे ते बघायला लागले आणि अप्पांच्या त्या अंगानं चालायला लागले, जिकडे त्यांचा श्वास येईल. मी शास्त्राची माणूस आहे. उघड्या हवेत दोन पावलांवर काय उरतं ते मला चांगलं ठाऊक आहे. तरी चालत होते. अप्पांच्या लक्षात आलं असावं, कारण वळणावर वारा फिरला की तेच गुपचूप दुसऱ्या बाजूला व्हायचे आणि मला माझी जागा द्यायचे. दम लागला की आम्ही कालव्याच्या कठड्यावर बसायचो. ते तिच्याबद्दल बोलायचे, जे त्यांनी सहा वर्षांत कधी केलं नव्हतं. पहिल्यांदा शेंगाची पोळी केली तेव्हा ती तव्यावर फुटली आणि तिनं ती चुरा करून लाडू म्हणून वाढली. एकदा कालव्याचं पाणी सोडण्यावरून गावात मारामारी झाली, तेव्हा ती डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन सरळ भांडणाऱ्यांच्या मधे येऊन उभी राहिली. मी हे काहीच ऐकलेलं नव्हतं. पडद्यावरचा केशरी पट्टा आठवड्यागणिक बारीक होत होता, आणि मी तो आता कमी बघत होते.

शस्त्रक्रिया झाली आणि नीट झाली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. खाटेनं साडेएकोणतीस सांगितले आणि त्याखाली मी सही केली. अप्पा आता पुण्याच्या पाटबंधारे कार्यालयाला कालव्याच्या अस्तराबद्दल तक्रारी पाठवत असतात. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीच्या एका सकाळचं.

त्या सकाळची पिशवी मी भरून ठेवली होती. आदल्या दिवशी पट्टा पडद्यावर जेमतेम दिसत होता, नखाएवढा. यंत्रानं सांगितलं होतं, की आणखी दोन-चार दिवस, मग तो ओळखू येणार नाही. मला वाटलं, आज ज्वारीची भाकरी करावी. मोजमापाचं काम संपतच आलं होतं. मी पीठ मळलं, परातीत थापलं, आणि भाकरी तव्यावर टाकून तिला पाणी लावताना बोट तव्याला टेकलं. चांगलंच भाजलं. आई गं, असं माझ्या तोंडून निघालं.

अप्पा बाहेरून उठून आले. काय झालं म्हणून विचारलं नाही. “बघू,” म्हणाले, आणि माझा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला, मी लहान असताना घ्यायचे तसा. बोट तोंडाजवळ नेलं आणि त्याच्यावर फुंकर घातली. लांब, सावकाश. दम पुरला नाही तसे थांबले, पुन्हा श्वास घेतला, पुन्हा फुंकर घातली.

मी हात काढून घेतला नाही. डोळे मिटून उभी राहिले. बोटावरून, मनगटावरून ती ऊबदार हवा गेली, माझ्या चेहऱ्यापर्यंत आली, आणि मी ती आत घेतली.

तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपली. आम्ही ती तशीच वाटून खाल्ली. खाऊन झाल्यावर अप्पांनी ताटात पाणी घातलं आणि तांब्या माझ्याकडे दिला. मीही माझ्या ताटात पाणी घातलं, बोटांनी ताट धुतलं, आणि ते पिऊन टाकलं.